शब्दचर्चा: 'घाबरं होणे' म्हणजे भेव की धडधड?

घाटंजीकर: आशाताईंसाठी एक आरोग्यपत्रक मराठीत करतोय. 'पॅल्पिटेशन'पाशी गाडी अडली. जुन्या छापील नमुन्यात 'हृदयस्पंदन वाढणे' आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणे, "हे कोनाले होते? मले त् घाबरं होते." हेच तिनं उन्हाळ्यात एका नव्या डॉक्टरला सांगितलं होतं. त्यानं विचारलं, "कशाची भीती वाटते, आजी?" आणि झोपेची गोळी लिहिली. नाडीला हात नाही. पत्रकात 'घाबरं होणे' चालेल का?

सदाशिवपेठी: घाबरणे म्हणजे भिणे. 'धडधड' हा सोपा, सगळीकडे कळणारा शब्द असताना बोली कशाला? उद्या कोल्हापूरकरानं काय समजायचं?

वऱ्हाडी ठेचा: कोल्हापूरकराले कोन वाटून राह्यलं हे पत्रक? आमच्याकडे भीतीले 'भेव' म्हणतात. साप दिसला त् भेव लागते. घाबरं कसं, बसल्या जागी होते. छाती उडते, घाम सुटते, पाणी प्यावंसं वाटते. अन् धडधड त् मोटारपंपाची असते, बाप्पा.

पीएचसीवाली सिस्टर: शब्द कोणताही ठेवा, त्यात तीन तक्रारी मिसळून येतात. कोणाची छाती नुसती भराभर चालते. कोणाला 'ठोका चुकला' वाटतो. खरं तर तो चुकत नाही, एक ठोका लवकर पडतो, मग जरा थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात आपटतो. चांगल्या धडधाकट माणसालाही होतं, बहुतेक वेळा धोका नसतो. तिसरी तक्रार फडफडीची, ताल नसलेली. म्हणून आम्ही पेशंटला टेबलावर बोटानं वाजवून दाखवायला सांगतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100. बायांमध्ये आधी रक्त कमी आहे का बघते, मग थायरॉइड, ताप, चहा, तंबाखू-सुपारीचा खर्रा. आणि पत्रकात हे ठळक टाका: धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला तर 108 लावा. काम करतानाच सुरू होत असेल किंवा घरात कोणी कमी वयात अचानक गेलं असेल तरी दाखवायला उशीर नको.

खर्रा सोडलेला: मी या धडधडीसोबतच राहतो. ईसीजी साफ, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली. मग चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, त्यात जादा ठोके सापडले. हृदय चांगलं म्हणाले. तरी रात्री डाव्या कुशीवर वळलो की उशीत ठोके ऐकू येतात आणि मोजणं सुरू. मोजलं की वाढतात. माझा शब्द 'धाकधूक'. छातीतली आणि डोक्यातली, दोन्ही त्यात येतात.

सदाशिवपेठी: धाकधूक निकालाच्या आदल्या रात्रीची. शरीराच्या लक्षणाला ती लावणं सैल मराठी आहे. असंच चाललं तर उद्या 'धुगधुगी'ही चालवाल.

वऱ्हाडी ठेचा: धुगधुगी टाका न भाऊ! पत्रक वाचतावाचताच मानूस जाईन.

कोशवेडी: शुद्धतेचंच म्हणाल तर 'काळीज धडधडतं' हेही गेलं. काळीज हा शब्द संस्कृत 'कालेय'वरून, म्हणजे यकृत. आपण कित्येक पिढ्या लिव्हर धडधडवतोय.

सदाशिवपेठी: अर्थ सरकतो, म्हणून काही शब्द अशुद्ध होत नाही.

वऱ्हाडी ठेचा: मंग 'घाबरं' सरकलं त् काऊन पोटात दुखते?

घाटंजीकर: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय.

पीएचसीवाली सिस्टर: आईंचं हिमोग्लोबिन तपासलं का?

घाटंजीकर: नाही अजून.

पीएचसीवाली सिस्टर: मग सोमवारी आधी त्यांना घेऊन या. नाडी मीच बघते.

कोशवेडी: पण मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो यकृतच देतो, हे लक्षात घ्या. मूळ अर्थ खाटकानं जपलाय, कवींनी नाही.

वऱ्हाडी ठेचा: अन् सावजीवाल्यानं.

सदाशिवपेठी: कलेजी हिंदी आहे.