नंबर 'फिरवणे', फोन 'लावणे' आणि फोन 'लागणे'

म्हापशाहून प्रश्न:
आमच्याकडे वडीलधारी माणसं मोबाइल हातात धरूनही 'जरा त्यांचा नंबर फिरव' म्हणतात. 'फोन लाव' असंही म्हणतात. दोन्ही एकच का? आणि 'फोन लागत नाही' यातलं 'लागणे' कुठलं? कोकणीतलं 'फोन मार' तूर्त बाजूला ठेवतो.

पणजी:
'फिरवणे' तबकडीच्या फोनवरून आलं, यात वाद नाही. पण त्या तबकडीचं काम बारकाईने पाहण्यासारखं आहे. बोट घालून आकडा ओढताना एक्स्चेंजला काहीच कळत नसे. बोट काढलं की तबकडी स्प्रिंगने मागे यायची आणि तेव्हा लाइन तुटायची, जुळायची. ४ ला चार वेळा, ९ ला नऊ वेळा, शून्याला दहा वेळा. सेकंदाला साधारण १० ठोके. परतीचा वेग आतला नियंत्रक राखायचा, त्यामुळे फिरवणारा घाईत असो की निवांत, ठोके एका लयीतच पडत. तबकडी बोटाने मागे ढकलली तर मात्र राँग नंबर लागायचा. तिकडे स्ट्रौजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये एक दांडा प्रत्येक ठोक्याला एक पायरी वर चढायचा, पुढच्या आकड्याला आडवा वळायचा. म्हणजे दोन्ही टोकांना खरोखरच काहीतरी फिरत होतं. आपला गोव्याचा ०८३२ हा कोड तबकडीवर फिरवायचा तर २३ ठोके.

मडगाव:
'लागणे' मला ट्रंक कॉलच्या काळाला फार जवळचं वाटतं. ट्रंक म्हणजे दोन एक्स्चेंजांना जोडणारी मुख्य वाहिनी. परगावचा नंबर आपण फिरवतच नव्हतो. कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लायटनिंग ते सांगायचं आणि घंटेची वाट पाहत बसायचं. ऑपरेटरने जोडून दिला की 'लागला'. होडी धक्क्याला लागते, तसाच. म्हणून तर 'दहादा फिरवला, पण लागला नाही' हे वाक्य बिनचूक आहे: फिरवणं आपल्या हातात, लागणं नाही.

ही मधली ऑपरेटर गेली ती एस.टी.डी.मुळे, म्हणजे परगावचा नंबर आपला आपण फिरवायच्या सोयीमुळे. ब्रिटनमध्ये ५ डिसेंबर १९५८ ला राणी एलिझाबेथने ब्रिस्टलहून एडिनबराला स्वतः नंबर फिरवून सुरुवात केली. भारतात कानपूर-लखनौ १९६० मध्ये जोडले गेले. तेव्हा गोवा अजून पोर्तुगीज अमलाखाली होता. एस.टी.डी.मधला 'टी' म्हणजे तोच ट्रंक, हे पिवळ्या बूथबाहेर रांग लावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं असेल?

फोंडा:
'लागणे' पटलं. 'लावणे'साठी मात्र ट्रंकपर्यंत जायला नको. दिवा लावतो, रेडिओ लावतो, पंखा लावतो. यंत्र सुरू करायला मराठीत हे क्रियापद तयारच होतं, फोन त्यात येऊन बसला.

मला नवल वाटतं ते 'दाबणे'चं. बटणांचा फोन अमेरिकेत बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ ला ग्राहकांना दिला. त्यात ठोके नाहीत, प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात. ५ चे ७७० आणि १३३६ हर्ट्झ. आपल्याकडेही तबकडी जाऊन बटणं आली, त्यालाही आता जमाना झाला. तरी 'दाबणे' अडकलं ते 'मराठीसाठी एक दाबा'पाशीच. 'मामाला फोन दाब' असं अजून कुणी म्हणत नाही.