नाशिकला पाच जण, तीन रात्री: फ्लॅट कुठल्या भागात घ्यावा?

संत्रानगरी:
आम्ही येत्या श्रावणात नागपूरहून नाशिकला येऊन राहिलो. मी, नवरा, सासूबाई (वय ७२, डावा गुडघा दुखरा) आणि दोन पोरं, एक अकरा वर्षांचं, एक सहाचं. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा टू बीएचके बरा, सासूबाईंना सकाळचा चहा आपल्या हातचाच लागतो. काळाराम, रामकुंड, एक दिवस त्र्यंबकेश्वर, जमलं तर पांडवलेणी, एवढाच बेत. विदर्भ एक्स्प्रेसने भल्या पहाटे नाशिकरोडला उतरणार.

तीन फ्लॅट पाहून ठेवलेत. एक नाशिकरोड स्टेशनजवळ, सगळ्यात स्वस्त. दुसरा पाथर्डी फाट्याला, फोटो एकदम चकाचक. तिसऱ्याच्या जाहिरातीत "रामकुंडासमोर, ५ मिनिटे चालत" असं लिहिलंय. मन तिसऱ्यावर आहे. घेऊ का?

गोदाकाठची:
ताई, बावीस वर्षं पंचवटीत राहते, त्यामुळे हे "रामकुंडासमोर" प्रकरण मला चांगलं ठाऊक आहे. समोर म्हणजे बहुतेक वेळा नदीच्या पलीकडे, जुन्या नाशकात! काळाराम, सीतागुंफा, रामकुंड सगळं पंचवटीच्या बाजूला. नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं, पण मधे गोदावरी आहे.

गेल्या वर्षी माझा भाऊ, वहिनी आणि मामी अशाच एका फ्लॅटमध्ये उतरले. आमच्या घरी जागा होती, पण "तुला त्रास नको" म्हणाले. जाहिरातीत लिहिलं होतं, गाडी दारापर्यंत येते. प्रत्यक्षात रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, पुढे वाड्यांच्या मधून उतार, मग घाटाच्या पायऱ्या. मामींच्या बॅगेचं एक चाक तिसऱ्या पायरीवर निखळलं, ते गडगडत खाली गेलं आणि एका फुलवाल्याच्या टोपलीत विसावलं. त्याने ते झेंडूसकट परत दिलं. आता हसू येतं, तेव्हा मामी दोन तास कोणाशी बोलल्या नाहीत.

आणि तुम्ही येताय श्रावणात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरचे खालचे छोटे पूल बंद होतात, मग पलीकडे जायचं तर होळकर पुलावरून वळसा. आम्ही नाशिककर पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की घाटावरचे दुकानदार सामान उचलतात. गाडीने येणार असाल तर घाटावर पार्किंग अजिबात नको, दर पावसाळ्यात कोणाची तरी गाडी वाहून जाते.

पाथर्डी फाटा पांडवलेण्यांना जवळ, बाकी सगळ्याला लांब. शिवाय लेण्यांना दोनेकशे पायऱ्या आहेत, म्हणजे तिथे सासूबाई येणारच नाहीत. ज्या एका ठिकाणी त्या जाणार नाहीत त्याच्या शेजारी घर कशाला?

माझं ऐकाल तर पंडित कॉलनी किंवा अशोक स्तंभाच्या आसपास बघा. रामकुंड रिक्षाने दहा मिनिटं, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळ, तिथून त्र्यंबकची एसटी मिळते. रस्ते सपाट, भाजी-दूध खाली उतरलं की हाताशी. पंचवटीतच राहायचं असेल तर घाटाच्या गल्ल्या सोडा, पंचवटी कारंजाच्या वरच्या अंगाला हिरावाडीकडे बघा.

सीतागुंफेत सासूबाईंना नेऊ नका. वाकून, जवळपास बसून आत शिरावं लागतं.

स्टेशनवाला:
नाशिकरोडला उगाच मोडीत काढू नका. पहाटे उतरल्यावर पाच मिनिटांत अंथरुणावर. मुक्तिधाम मंदिरही तिथेच.

गोदाकाठची:
पहाटेचं खरंय. पण नंतर तीन दिवस रोज दहाएक किलोमीटर जा आणि परत या. मधे द्वारकेचा चौक, तिथली वाहतूक कोंडी. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालीत, कुठला रस्ता कधी खणलेला असेल ते त्या आठवड्यातच कळतं. एका पहाटेसाठी तीन दिवस द्वारकेत काढणार का?

भाडेकरू_माजी:
भाग कुठलाही घ्या, घरमालकाकडून व्हिडिओ मागा. फोटो नको, व्हिडिओ. रस्त्यावरून सुरू करून, फाटक, लिफ्ट, दार, संडासापर्यंत, न थांबता. कमोड आहे की भारतीय ते तेव्हाच दिसतं, गुडघेवाल्यांचा निम्मा प्रश्न तिथेच असतो. आणि सोसायटीला पाहुणे चालतात का, हे स्पष्ट विचारा. आम्हाला एकदा वॉचमनने पाऊण तास फाटकाबाहेर ठेवलं होतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांची आधार कार्डं हाताशी ठेवा.

त्र्यंबकला सोमवारी जाऊ नका, तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर मुळीच नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीला तुफान गर्दी असते, खासगी गाड्या आधीच अडवतात.

संत्रानगरी:
सगळ्यांचे आभार. रामकुंडासमोरवाल्यांना विचारलं, "काळारामाच्या बाजूला की पलीकडे?" दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "मॅडम, व्ह्यू मस्त आहे."

पंडित कॉलनीत एक मिळालाय, पहिला मजला, लिफ्ट आहे. व्हिडिओ मागवला. कमोड आहे, गॅसच्या दोन शेगड्या आहेत, पायऱ्या फाटकाशी तीन. पण नवऱ्याने व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला, तर फाटकावर पाटी: रात्री ११ ते सकाळी ६ फाटक बंद. आणि आमची विदर्भ पहाटे! मालक म्हणे वॉचमनला उठवू. ना बाप्पा. सेवाग्रामची तिकिटं काढली, ती सकाळी उजेडात पोचते. मंगळवारी त्र्यंबक.

आता शेवटचं. सासूबाईंना तिखट सोसत नाही, पोरांना मिसळ खायचीच आहे. काय करू?

गोदाकाठची:
नागपूरच्या असून तिखटाचं विचारता? तर्री पोह्यांवर वाढलेली माणसं तुम्ही! रस्सा वेगळ्या वाटीत मागा, सोबत दही. आणि मिसळ सकाळीच खा, आधी दर्शन म्हणाल तर दुपारी गरम रस्सा उरत नाही.

पाऊस जास्त असला तर आदल्या दिवशी इथे विचारा. मारुती कुठवर बुडालाय ते घाटावर जाऊन बघून सांगेन.