मिसेस रॅम्झे जुनी, लिली नवी: पटतं का?

अंबाजोगाईकर:
व्हर्जिनिया वुल्फची 'टू द लाइटहाउस' (1927) आमच्या वाचनगटात नुकतीच वाचून झाली. बहुतेकांचा निकाल एकच: आठ लेकरांची, ज्याचं त्याचं लग्न जुळवणारी मिसेस रॅम्झे म्हणजे जुनी बाई, लग्न न करता चित्र काढणारी लिली म्हणजे नवी. मला हे पटत नाही. ते रात्रीचं जेवण आठवा. सगळे अवघडून बसलेले, मेणबत्त्या लागतात आणि हळूहळू तीच माणसं एका घरची होतात. हे घडवणं ही कलाच आहे.

लातूरची लेक:
ताई, कला म्हणायलात, पण त्या जेवणातला रस्सा तिच्या हातचा नाहीच! मिल्ड्रेड नावाच्या स्वयंपाकिणीनं त्यावर तीन दिवस घातले. कौतुक मालकिणीचं. आणि लग्नाचा एवढा आग्रह धरला, त्याचं काय झालं? लेक प्रू लग्नानंतर बाळंतपणाच्या दुखण्यात गेली, तेही कंसातल्या एका वाक्यात. लिली मात्र त्यातून सुटली. बायांना चित्र काढता येत नाही असं त्या घरचा पाहुणा टॅन्सली म्हणतो. ती त्याच पंगतीत मिठाचं भांडं सरकवून ठेवते, चित्रातलं झाड मधे घ्यायचं लक्षात राहावं म्हणून. मी स्वतः स्थळं बघून बघून थकलेय, मला ते मिठाचं भांडं विसरता येत नाही.

अंबाजोगाईकर:
मिल्ड्रेडचं माझ्याकडून सुटलं, खरंय. पण बाई, लिलीच्या चित्रात कोण आहे? खिडकीत लेकराला घेऊन बसलेली मिसेस रॅम्झेच ना? दहा वर्षांनी, मिसेस रॅम्झे गेल्यावर, तेच चित्र पुन्हा काढताना लिली तिच्याच नावानं हाक मारून रडते. जिला सोडून आली तिच्यासाठी कुणी असं रडतं का?

बीडकर मास्तर:
दोघींचंही ऐकलं. मिल्ड्रेडपाशी थांबा जरा. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, वर भाकरी तिनंच थापायच्या. तिला जुनी म्हणणार की नवी? कादंबरीत रॅम्झेंचं घर पडायला लागतं तेव्हा ते सावरते कामवाली म्हातारी मॅकनॅब, झाडता-पुसता जुनं गाणं गुणगुणत. गंगाखेडची जनाबाईही दासीच होती, दळताना गात होती. जनीचं गाणं आपल्याला पाठ आहे. मॅकनॅबच्या गाण्याचा एक शब्दही वुल्फनं लिहिलेला नाही.

लातूरची लेक:
मास्तर, ती पानं मी भराभर उलटली होती. आज परत काढते.