कार्यालयातला सर्व्हर बदलावा की क्लाउडवर जावे?

प्रश्न (सांगली)

नमस्कार. आमची हळदीची अडत आणि घाऊक विक्री आहे. पेढीवर नऊ संगणक असून टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), पावत्यांच्या स्कॅन प्रती आणि शेतकऱ्यांचे खातेउतारे हे सर्व एकाच सर्व्हरवर असते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी पेठेत शिरू लागले, तेव्हा दोघांनी तो सर्व्हर उचलून माडीवर नेला म्हणून हिशेब वाचले. आता तो सर्व्हर थकला आहे. एक विक्रेता नवा घ्या म्हणतो, तर दुसरा म्हणतो की सगळे क्लाउडवर टाका, काळजी मिटेल. क्लाउडमध्ये आपण नेमके काय घेतो, खर्च खरोखर कमी होतो का, आणि ऐन सौद्याच्या वेळी इंटरनेट गेले तर काय करायचे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ (पुणे, संगणक प्रणालींची देखभाल करतो)

आपण यंत्र घेत नाही, दुसऱ्याच्या यंत्राचा वापर भाड्याने घेतो. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये अशी साठवण आणि संगणन भाड्याने देण्यास सुरुवात केली. भारतात मायक्रोसॉफ्टची अशा यंत्रांची केंद्रे २०१५ मध्ये, अ‍ॅमेझॉनची २०१६ मध्ये आणि गूगलची २०१७ मध्ये सुरू झाली. त्यांतली बरीचशी मुंबई-पुणे परिसरातच आहेत, त्यामुळे आपला ‘ढग’ सांगलीपासून फार लांब असेलच असे नाही.

भाड्याचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात रिकामे यंत्र मिळते आणि त्यावरचे सगळे आपण सांभाळायचे असते. दुसऱ्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी तयार मांडणी मिळते, तिचा आपल्याला उपयोग नाही. तिसऱ्यात ईमेल किंवा फाइल-साठवणीसारखी तयार सेवा माणशी दराने मिळते. आपल्या स्कॅन प्रती आणि ईमेल या तिसऱ्या प्रकारात सहज बसतील. टॅलीसाठी मात्र पहिला प्रकार लागेल, म्हणजे भाड्याचे यंत्र घेऊन आपल्या संगणकांवरून त्यावर काम करायचे. टॅलीचा परवाना त्यातही वेगळाच लागतो.

खर्चाचे गणित तासांवर फिरते. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, आणि पेढी रोज दहा तास याप्रमाणे २६ दिवस चालली तर २६० तास भरतात. तासाच्या दराने घेतलेले यंत्र रोज रात्री बंद केले, तर त्याचे भाडे जवळपास एक-तृतीयांशावर येते, पण डिस्कचे भाडे यंत्र बंद असतानाही चालूच राहते. यंत्र बंद करण्याची वेळ आपोआप ठरवून घ्या, कारण माणसाच्या भरवशावर सोडले की ते हमखास राहून जाते. वर्षभर चोवीस तास चालवायचेच असेल, तर स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडू शकतो, हे विक्रेता आपणहून सांगणार नाही.

इंटरनेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या, त्यांतली एक मोबाइल डेटाची असली तरी चालेल. करारात ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन असते, पण त्या हिशेबाने महिन्याला सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहिली तरी वचन मोडत नाही. त्याहून जास्त बंद राहिली, तर साधारणपणे भाड्यात सवलत मिळते, बुडालेल्या सौद्याची भरपाई मिळत नाही.

उत्तर २ (सनदी लेखापाल)

आपली पेढी भागीदारीची आहे की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि फरक तिथेच आहे. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर कंपनीने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज घेतली गेली पाहिजे. त्यामुळे विदा (डेटा) कोणत्या शहरातील केंद्रात राहील, हे लेखी घ्या. तोंडी ‘भारतातच आहे’ पुरेसे नाही. शिवाय विकत घेतलेल्या संगणकावर आयकरात ४० टक्के दराने घसारा (झिजेपोटीची वजावट) मिळतो, तर भाडे त्याच वर्षीचा खर्च धरला जातो. दोन्ही दरपत्रकांची तुलना करताना निदान चार वर्षांचा हिशेब मांडावा.

उत्तर ३ (कोल्हापूर, सुट्या भागांचे उत्पादन)

‘काळजी मिटेल’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे. इमारत, वीज आणि यंत्रे सेवा देणारा सांभाळतो, पण पासवर्ड, कोणाला काय दिसावे आणि राखीव प्रती हे आपल्याच गळ्यात राहते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, अशा काही ग्राहकांची विदा कायमची गेली. क्लाउडच्या फोल्डरशी आपोआप जुळणारी फाइल ही राखीव प्रत नव्हे, कारण इकडे चुकून पुसली तर तिकडेही पुसली जाते. आम्ही आठवड्यातून एकदा एका सुट्या डिस्कवर प्रत घेतो, ती डिस्क घरी नेतो, आणि दर तिमाहीला त्यातून एखाद्या जुन्या महिन्याचे हिशेब उघडून पाहतो.

आमची खरी फजिती वेगळीच झाली. ज्या स्थानिक सल्लागाराने खाते उघडून दिले, त्याने ते स्वतःच्या ईमेलवर उघडले होते, आणि व्यवहार तुटल्यावर आमचेच खाते परत मिळवायला पाच आठवडे गेले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पेढी भागीदारीचीच आहे. आधी ईमेल आणि स्कॅन प्रती हलवतो. टॅलीचे भाड्याचे यंत्र एक महिना जुन्या सर्व्हरच्या जोडीने चालवून पाहतो. हंगाम संपल्यावरच हे करावे, असे वाटते. विक्रेत्याने खाते त्याच्या नावावर उघडण्याचा आग्रह कालच धरला होता. त्याला आज नकार कळवला आहे.