मदत मागण्यापूर्वी स्वतः किती खटपट करावी? (निमित्त : लिब्रेऑफिसमध्ये न सापडणारा 'दुसऱ्या')

मुद्रितशोधक यांचा प्रश्न

मी एका पुस्तकाचे मुद्रितशोधन लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचातील रायटर या लेखन-प्रोग्रामात करीत आहे. 'दुसऱ्या' हा शब्द शोधला असता पहिल्या चार प्रकरणांतील सर्व जागा सापडतात. पाचव्या ते सातव्या प्रकरणांत मात्र तोच शब्द डोळ्यांसमोर असूनही शोध रिकामा परततो. मी लिब्रेऑफिसच्या बगझिलावर (दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) 'मराठीत शोध चालत नाही, काम तातडीचे आहे, लवकर दुरुस्त करावे' अशी इंग्रजीत नोंद केली. दोन दिवसांनी कोणीतरी आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम विचारली, नमुना फाइल मागितली आणि नोंदीची स्थिती 'नीडइन्फो' (माहिती हवी) करून टाकली. नमस्कार नाही, दिलगिरी नाही. मला हे उद्धटपणाचे वाटले. मी प्रोग्रामर नाही. माझ्यासारख्या वापरकर्त्याने स्वतः नेमके किती करून मग विचारावे, अशी अपेक्षा असते?

जुना नोंद-तपासनीस

फावल्या वेळात अशा नोंदी तपासण्याचे काम मी केले आहे, म्हणून आधी एक गैरसमज दूर करतो. 'नीडइन्फो' हा तुमच्यावर मारलेला शेरा नव्हे; चेंडू आता तुमच्याकडे आहे, एवढाच त्याचा अर्थ. सहा महिने उत्तर आले नाही तर आठवण केली जाते आणि त्यानंतर आणखी एक महिना शांततेत गेला तर माहिती अपुरी म्हणून नोंद बंद होते. ज्याने तुम्हाला प्रश्न विचारले त्याला देवनागरी वाचता येत नसण्याचीच शक्यता अधिक आहे. 'मराठीत शोध चालत नाही' हे वाक्य वाचून त्याने आपल्या संगणकावर काय टंकून पाहावे?

आता खटपटीविषयी. प्रथम मूळ फाइल बाजूला ठेवून एक कोरी फाइल घ्या आणि तिच्यात पहिल्या प्रकरणातील एक 'दुसऱ्या' व पाचव्या प्रकरणातील एक 'दुसऱ्या' एवढे दोनच शब्द चिकटवा. तरीही एकच सापडत असेल तर शेकडो पानांचे पुस्तक, त्यातील शैली आणि तळटीपा या साऱ्यांवरचा संशय एका फटक्यात दूर होतो. मग तेच दोन शब्द एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये नेऊन तेथे शोधा; तेथेही एकच सापडला, तर दोष बहुधा लिब्रेऑफिसचा नसून मजकुराचा आहे. या दोन्ही पायऱ्यांना प्रोग्रामिंग लागत नाही आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळही लागू नये.

माझा अंदाज सांगतो. 'दुसऱ्या'मधील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, दोन प्रकारे लिहिला जातो : 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु पहिल्यात संकेतांक ०९३१ असतो आणि दुसऱ्यात ०९३०, त्यामुळे शोधयंत्रणेच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द ठरतात. जोडाक्षर निवडून ऑल्ट व एक्स या कळा दाबल्या की रायटर अक्षरांऐवजी संकेतांक दाखवतो. पुन्हा दाबल्या की अक्षरे परत येतात. ते संकेतांक नोंदीत उतरवा आणि 'मदत' मेनूतील 'लिब्रेऑफिसविषयी' या चौकटीतून आवृत्तीची माहिती जशीच्या तशी चिकटवा. हा फरक महत्त्वाचा का आहे, हे परक्या माणसाला समजावून सांगायचे असेल तर 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी द्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या.

नवशिक्यांचा वकील

वरील उत्तर उपयुक्त आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवतो. 'आधी पुस्तिका वाचा' असे तुच्छतेने सुनावण्याची सवय मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात खरोखरच होती आणि काही ठिकाणी ती अजूनही आहे. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पाने २०१८च्या सप्टेंबरमध्ये आचारसंहिता स्वीकारली आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट पत्रांबद्दल जाहीर माफी मागितली, ती काही उगाच नव्हे. शिवाय जो माणूस मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितो, त्याचे वाक्य तुटक किंवा हुकूमवजा वाटू शकते. मात्र तुमच्या प्रकरणात समोरच्याने अपमान केला असे मला दिसत नाही. त्याने नेमके प्रश्न विचारले आहेत. 'तातडीचे' हा शब्द मात्र मीही काढून टाकला असता. घाई तुमची आहे, त्याची नव्हे, आणि त्याला या कामाचा मोबदलाही बहुधा मिळत नाही.

टर्मिनलवासी

तगाद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या संकोचन-साधनाचा भार वाहणाऱ्या एकमेव देखभालकर्त्यामागे २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी 'कामे इतकी रेंगाळतात का, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या' असा लकडा लावला होता. ती नावे बनावट असावीत, असे आज मानले जाते. पुढे अधिकार मिळालेल्या सहकाऱ्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ती २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी उघडकीस आणली, आणि सुरुवात एवढ्यावरूनच झाली की एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत होता. त्यांचे पत्र वाचण्यासारखे आहे : आपण सुरक्षा-संशोधक नाही हे ते त्यात स्पष्ट सांगतात, पण त्याचबरोबर काय मोजले, कोणत्या आवृत्तीवर मोजले आणि कशाची तपासणी आपण केलेली नाही, हेही सांगतात. 'मी प्रोग्रामर नाही' हे वाक्य तुम्हीही जरूर लिहा. फक्त त्यापुढे स्वल्पविराम देऊन तुम्ही काय पाहिले ते लिहा.

मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. दोन शब्दांची फाइल करून पाहिली आणि साध्या एडिटरमध्येही एकच सापडला. संकेतांकांचा अंदाज बरोबर निघाला : पहिल्या चार प्रकरणांत ०९३१ आहे, पुढील तीन प्रकरणांत ०९३० आणि जोडक. ती तीन प्रकरणे लेखकाने वेगळ्या कळफलकावर टंकली होती, असे विचारल्यावर कळले. एका प्रकारचा अर्धा र 'शोधा व बदला'च्या वरच्या रकान्यात आणि दुसऱ्या प्रकारचा खालच्या रकान्यात चिकटवून संपूर्ण पुस्तक एकसारखे केले. 'वाऱ्यावर', 'सुऱ्या', 'पुजाऱ्यास' हे शब्दही आता सापडतात.

नोंदीवर दोन्ही संकेतांक, नमुना फाइल आणि आवृत्ती देऊन 'दोष मजकुरात होता, नोंद बंद करावी' असे लिहिले. त्यावर त्याच गृहस्थांचे उत्तर आले आहे : शोधताना ही दोन्ही रूपे एकच मानावीत, अशी सुधारणेची वेगळी मागणी मी नोंदवणार का? आज रात्री तिचा मसुदा करतो. इंग्रजी कोणी तपासून देईल का?