सिम लीगचा नवा सीझन येतोय, संघांचा आणि खेळाडूंचा आढावा लिहायचा कसा?

राजारामपुरी_विंगर

मंडळी, एक सल्ला हवाय. आम्ही काही मित्र फ्रँचायझी हॉकी मॅनेजर या कॉम्प्युटर गेमवर आइस हॉकीची लीग चालवतो. बहुतेक जण कोल्हापुरातले, दोघं नोकरीला पुण्यात. एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग) २०२५-२६ च्या सुरुवातीचे खरे संघ आणि खरे खेळाडू घेतलेत, पहिल्या मॅचपासून पुढचं सगळं गेमच्या इंजिनावर. प्रत्येकाकडे एक संघ, उरलेले कॉम्प्युटर सांभाळतो. माझ्याकडे विनिपेग जेट्स आहे.

यंदा सीझनआधीचा आढावा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. रविवारी रात्री पहिला आठवडा सिम होणार (म्हणजे गेम स्वतःच मॅच खेळवून निकाल देणार), त्याआधी ग्रुपवर टाकायचाय. अडचण अशी की रेटिंगचा तक्ता लावला की एडमंटन, कोलोरॅडो वर येतात, सॅन होजे खाली जातं आणि लिहायला काही उरतच नाही. तो तक्ता तर सगळ्यांच्याच स्क्रीनवर आहे.

मी शाळेत असताना मेजर ध्यानचंद स्टेडियमवर खेळलोय, पण ती आपली मैदानी हॉकी. बर्फावरच्या हॉकीत लाइन्स, पेअर्स, गोलीचे (गोलरक्षकाचे) आकडे यातलं नेमकं काय आधी बघायचं? कुणी लिहिलं असेल तर सांगा.

कळंबा_सेंटर

सोपं आहे. वरचे पाच, खालचे पाच आणि एक छुपा रुस्तम. प्रत्येक संघाचा एक खेळाडू उचल, दोन ओळी लिही. सॅलरी कॅप (संघानं खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाची मर्यादा) २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख डॉलरवर गेलीय, त्यामुळे कुणाकडे पैसा शिल्लक आहे तेवढं बघ. सीझनच्या मध्यावर तेच संघ ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करतात. लोकांना लांबलचक वाचायला वेळ नसतो.

उद्यमनगर_गोली

भावा, कळंबाकरांनी कॅपचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण पाच वर आणि पाच खाली एवढंच लिहिलंस तर तुझ्या आढाव्यात आणि त्या तक्त्यात फरक काय राहिला? मी आमच्या लीगसाठी बरेच सीझन हे काम करतोय आणि मनापासून करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा गोली बघ. मी स्वतः पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर गोलमध्ये उभा राहिलोय, म्हणून गोलीची बाजू घेतो असं वाटेल. पण हिशेबच करून बघू.

तुझाच संघ घे. तुझा गोली कॉनर हेलेबकनं २०२४-२५ मध्ये ६३ मॅच खेळून ९२५ ची सेव्ह टक्केवारी काढली, म्हणजे हजार शॉटमागे ९२५ अडवले. लीगची सरासरी साधारण ९०० होती. एका मॅचला त्याच्यावर सत्तावीसेक शॉट धर. ६० मॅच म्हणजे सोळाशेच्या वर शॉट. हजारी २५ चा फरक म्हटलं तर चाळीस गोल. हॉकीत ढोबळ मानानं सहा गोलांच्या फरकाला एक विजय पडतो आणि विजयाला दोन गुण. म्हणजे एकटा माणूस तेरा गुण घेऊन उभा आहे! विनिपेगचे त्या सीझनला ११६ गुण होते, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्यातले तेरा काढ, संघ लगेच घोळक्यात येतो.

तेरा गुण म्हणजे किती ते कळायला त्याच सीझनचं कॅलगरी बघ. सेंट लुईसचे ९६, कॅलगरीचे ९६. सेंट लुईस प्लेऑफला (नियमित सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) गेलं, कॅलगरी टायब्रेकवर घरी बसलं. ८२ मॅच खेळून एका गुणाचासुद्धा फरक नव्हता.

आता तुझा प्रश्न, आधी काय बघायचं. मैदानी हॉकीत आपण अकरा जण बघतो. इथं बर्फावर गोली धरून सहाच असतात, पण मॅचसाठी ड्रेस होऊन तयार असतात वीस. बारा फॉरवर्ड म्हणजे चार लाइन, सहा डिफेन्स म्हणजे तीन जोड्या, दोन गोली. एक लाइन पाऊण मिनिटभर जीव काढून पळते आणि बाहेर येते. म्हणजे पहिली लाइन कितीही भारी असली तरी साठ मिनिटांतली वीसेक मिनिटंच तिच्या वाट्याला येतात. उरलेल्या चाळीस मिनिटांत काय होतं, ते तक्त्यात दिसत नाही. ते दाखवणं हेच आढावा लिहिणाऱ्याचं काम.

एडमंटन घे. मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल, दोघांना गेमच्या रेटिंगमध्ये वीसपैकी मिळायचे तेवढे मार्क मिळालेत. ड्रायसाइटलनं २०२४-२५ ला ५२ गोल मारले, लीगमध्ये सर्वात जास्त. तरीही २०२४ आणि २०२५ या दोन्ही फायनल एडमंटन फ्लोरिडाकडून हरलं. २०२५ च्या फायनलमध्ये स्किनर आणि पिकार्ड हे दोन गोली आलटून पालटून उभे करावे लागले. म्हणून एडमंटनवर लिहायला बसलास की मॅकडेव्हिडवर एक ओळ पुरे, त्याला सगळे ओळखतात. खरा परिच्छेद गोलमध्ये कोण उभा राहणार यावर लिही.

आणि फ्लोरिडा. हा संघ माझ्याकडे आहे, त्यामुळे रोज बघतोय. २०२४-२५ ला नियमित सीझनमध्ये त्यांचे ९८ गुण, स्वतःच्या डिव्हिजनमध्ये तिसरे. प्लेऑफ जिंकून मिळणारा स्टॅन्ली कप मात्र त्यांनीच उचलला, सलग दुसऱ्यांदा. २०२५-२६ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच कॅप्टन बार्कोव्ह सरावात गुडघा दुखावून बसला, फॉरवर्ड टकाचकचं ऑपरेशन झालंय, गोली बॉब्रोव्स्की ३७ चा आहे. बेनेट, एकब्लाड, मार्शंड या तिघांनाही त्यांनी लांबचे करार देऊन ठेवून घेतलंय. तक्ता बघशील तर संघ अजून तगडाच दिसतो, कारण जखमी खेळाडूचं रेटिंग तसंच राहतं, तो बर्फावर नसतो एवढंच. बार्कोव्हनं २०२५ ला तिसऱ्यांदा सेल्की मिळवली, म्हणजे सगळ्यात चांगला बचाव करणाऱ्या फॉरवर्डचा पुरस्कार. असा माणूस गेल्यावर भोक एकाच जागी पडत नाही. दुसऱ्या लाइनचा सेंटर वर चढतो, तिसऱ्याचा दुसऱ्यावर, आणि प्रत्येक जण आपल्यापेक्षा भारी माणसासमोर उभा राहतो. ही उतरंड लिही. 'बार्कोव्ह नाही' एवढं लिहून सोडू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आढावा लिहिण्याआधी सीझनची फाइल कॉपी करून ठेव आणि कॉपीवर पूर्ण सीझन पळव. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पळव. मी शॉप बंद करून घरी आलो की जेवणापूर्वी लॅपटॉपवर लावून देतो. तोच संघ, त्याच लाइन्स, तेच गोली, तरी एकदा १०८ गुण येतात, एकदा ९१. यात इंजिन बिघडलेलं नसतं. ८२ मॅचमध्ये नुसत्या नशिबानं आठेक गुण इकडेतिकडे होतातच, खऱ्या लीगमध्येसुद्धा. आम्ही लेथवर एक जॉब मोजून मशीनबद्दल बोलत नाही, बॅच मोजतो आणि माप कुठून कुठपर्यंत फिरतंय ते बघतो. तसं प्रत्येक संघाचं वरचं टोक आणि खालचं टोक लिही, आणि खालच्या टोकाला गेला तर कशामुळे जाईल, त्याचं एकच कारण दे. मी आढावा वाचतो तो या कारणासाठी.

नशीब ओळखायची एक खूणही सांगतो. संघाची शूटिंग टक्केवारी (शंभर शॉटमागे किती गोल) आणि सेव्ह टक्केवारी (इथं शंभरात धर, ९२५ म्हणजे ९२.५) यांची बेरीज कर. सगळ्या लीगची मिळून ती शंभरच्या आसपास येते. एखादा संघ महिनाभर १०३ वर चाललाय आणि त्याचा गोली सामान्य आहे, तर समजायचं की पुढच्या महिन्यात खाली येणार. मधल्या आढाव्यांना हे फार उपयोगी पडतं.

रंकाळा_०७

गोलीदादा, हिशेब पटला, पण हेलेबकबद्दल एक राहिलं. तोच हेलेबक २०२५ च्या प्लेऑफमध्ये सेंट लुईसच्या बर्फावर तिन्ही मॅचमध्ये मधूनच बाहेर काढावा लागला. सातवी मॅच विनिपेगनं शेवटच्या दोन सेकंदांत बरोबरी करून दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकली, नाहीतर पहिल्याच फेरीत गेले असते. पुढच्या फेरीत डॅलसनं सहा मॅचमध्ये घालवलंच. हार्ट (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) आणि व्हेझिना (सर्वोत्तम गोली) दोन्ही पुरस्कार मिळालेला गोली, आणि प्लेऑफमध्ये असा. मग तुमच्या तेरा गुणांवर विश्वास ठेवायचा की त्या तीन मॅचवर?

शिवाय लोकांना अंदाज हवा असतो. 'अमुक पहिला येणार' असं ठणकावून लिहिल्याशिवाय ग्रुपवर चर्चा पेटत नाही.

उद्यमनगर_गोली

रंकाळाकर, मुद्दा एक नंबर. दोन्हीवर विश्वास ठेवायचा, पण दोन वेगळ्या प्रश्नांसाठी. ८२ मॅचचं बोलायचं तर तेरा गुण खरे, कारण सोळाशे शॉट हा मोठा ढीग आहे. सात मॅचच्या मालिकेत एका गोलीवर दोनशे शॉटसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात कुठलाही गोली देव दिसू शकतो किंवा कच्चा दिसू शकतो. इंजिनमध्ये गोलीला मानसिक कणखरपणाचंही रेटिंग असतं, ते उघडून बघायचं. पण त्या तीन मॅचवरून कुणी ते रेटिंग हातानं खाली ओढणार असेल तर माझा ठाम विरोध आहे. गोलीच्या वाईट रात्री सगळ्यांना आठवतात आणि त्यानं वाचवून दिलेला जानेवारीतला मंगळवार कुणाला आठवत नाही. हा अन्याय मैदानावरही होतो आणि आढाव्यातही.

अंदाजाचं म्हणाल तर जरूर द्यावा. मीही देतो. क्रमांक लिहा, शेजारी वरचं-खालचं टोक लिहा. चर्चा त्यावरही पेटते, आणि चांगली पेटते.

राजारामपुरी_विंगर

दादा, काल रात्री कॉपी करून पळवत बसलो, डोकं सुन्न झालं. विनिपेगचा परिच्छेद लिहिलाय, बघून सांगा:

'विनिपेग जेट्स. गेल्या सीझनला ११६ गुण, यंदा ९४ ते १०९. काइल कॉनर (४१ गोल, ९७ पॉइंट, म्हणजे गोल अधिक गोलला केलेली मदत) आणि शाइफली पहिल्या लाइनवर आहेतच. पण निकोलाय एलर्स कॅरोलायनाला गेला आणि ६९ मॅचमधले त्याचे ६३ पॉइंट सोबत गेले. गेल्या सीझनला लीगमधला सर्वोत्तम पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) यांचा होता, त्यात एलर्सचा हात होता. तिसऱ्या लाइनचा सेंटर आणि कॅप्टन लोअरी खुब्याच्या ऑपरेशनमुळे सुरुवातीला नाही. खालच्या टोकाचं कारण: हेलेबकला विश्रांती देताना दुसऱ्या गोलीवर पडणाऱ्या मॅच.'

अडकलोय जॉनथन टेव्जवर. एप्रिल २०२३ नंतर एकही मॅच नाही, वय ३७, आणि डेटाबेसमध्ये त्याला रेटिंग तर दिलंय. त्याच्याबद्दल काय लिहू?

उद्यमनगर_गोली

परिच्छेद झकास झालाय. दुसऱ्या गोलीवर बोट ठेवलंस ते तर फारच आवडलं. फक्त त्याला किती मॅच देणार तो आकडा घाल, म्हणजे वाचणाऱ्याला पुढं पडताळता येईल. लागोपाठ दोन दिवस मॅच असेल तेव्हा दुसरा गोली उतरवायचा, ही चाल जवळपास सगळेच संघ पाळतात. वेळापत्रकात तशा जोड्या मोज, आकडा तिथंच मिळेल.

टेव्ज. तीन कप जिंकलेला शिकागोचा कॅप्टन, २०१० चा कॉन स्मिथ (प्लेऑफमधला सर्वात मोलाचा खेळाडू) मिळालेला, मूळचा विनिपेगचाच. आजारपणामुळे बाहेर होता, मधे भारतात येऊन पंचकर्मही करून गेला, त्यानंच जाहीरपणे सांगितलं होतं. अशा खेळाडूचं रेटिंग म्हणजे डेटाबेस बनवणाऱ्यानं जुन्या आकड्यांवरून बांधलेला अंदाज, हे स्पष्ट लिही. मग रेटिंगमधल्या कुठल्या गोष्टी वयाबरोबर लवकर जातात ते बघ. वेग आणि चपळाई आधी जाते. फेसऑफ (खेळ सुरू करताना पंचानं टाकलेली चकती मिळवणं) आणि जागा धरणं टिकतं, आणि फेसऑफमध्ये तो शेवटच्या सीझनपर्यंत लीगमधल्या अव्वलांत होता. म्हणून लिही की लोअरी परत येईपर्यंत त्याला तिसऱ्या लाइनवर ठेवलं, स्वतःच्या गोलकडच्या फेसऑफला पाठवलं आणि मिनिटं पंधराच्या आत ठेवली तर तो उपयोगी पडेल. मिनिटं वाढवलीस तर तिसऱ्या पिरियडमध्ये मागे पडेल.

कळंबा_सेंटर

हे वाचून मीही माझ्या डॅलसचं नव्यानं लिहायला घेतोय. विंगर, आढावा टाकलास की इथंही चिकटव.

राजारामपुरी_विंगर

नक्की. लागोपाठच्या मॅचच्या जोड्या मोजायला बसलोय, सॅन होजेपर्यंत आलोय. त्यांच्या सेलेब्रिनीचं पहिल्या सीझनचं ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट बघून तक्त्यातल्या शेवटच्या संघावरही मोठा परिच्छेद होणार असं दिसतंय. शनिवारी संध्याकाळपर्यंत टाकतो. तोपर्यंत लाइन्स लॉक करून ठेवा सगळ्यांनी, नाहीतर आढाव्यातला सेंटर वेगळा आणि बर्फावरचा वेगळा व्हायचा.