शिकाऊ डॉक्टर, परिचारिका आणि लाजेचे ओझे
चारचौघांत खरडपट्टी काढल्याशिवाय शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका सावध होत नाहीत, हे मत मला मान्य नाही. अपराधी भाव आणि लाज यांत मानसशास्त्र जो फरक करते, तो या बाबतीत कळीचा आहे: ‘माझ्या हातून चूक झाली’ असे वाटणारा माणूस ती सुधारू पाहतो, तर ‘मीच नालायक आहे’ असे वाटणारा ती लपवू लागतो, शंका विचारणे टाळतो आणि वरिष्ठांच्या नजरेआड राहतो. औषधाची मात्रा चुकली असेल, तर या लपवण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. चुकीने खचलेल्या डॉक्टरांना अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ म्हटले. (या शब्दाने मूळ पीडित, म्हणजे रुग्ण, झाकोळतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो.) आढावा बैठकीत ‘कोणी केले’ याआधी ‘कसे घडले’ हे विचारले जावे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरिष्ठांनी स्वतःच्या चुका विद्यार्थ्यांसमोर मोकळेपणाने सांगाव्यात, कारण अनुभवी व्यक्तीही चुकते आणि तरीही उत्तम काम करत राहते, हे तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय नवख्यांना सहसा पटत नाही.